अर्ध्या दिवसाची बाई

ती दात करायची. पुढचे, हसलं की दिसतात ते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन कारखान्याकडे पाठवायचे आणि काही दिवसांनी त्या मापाचा दात डबीत बसून परत जायचा. कारखाना आपला म्हणायचा एवढंच. एका कापडाच्या दुकानावर ओळीने कामाच्या चार खोल्या होत्या, शिवाय मागे दोन-तीन चिंचोळ्या. पहिलीत प्लास्टरचे साचे ओतायचे, दुसरीत मेणाचं आणि कवळ्यांचं काम, तिसरीत भट्टी, आणि रस्त्याकडच्या शेवटच्या खोलीत मोठ्या खिडकीला लागून तिचं टेबल. दाताचा रंग दिव्याखाली फसवतो, त्याला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून खिडकी तिच्या वाट्याला आली होती.

कामात ती एक नंबर होती आणि हे तिला चांगलंच माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाला कोवळा पांढरा दात बसवला की तो तोंडात पाहुण्यासारखा दिसतो, असं ती म्हणायची. म्हणून म्हाताऱ्यांच्या दातांना ती कडेने पिवळसर छटा द्यायची, मुद्दाम केसाएवढी चीर काढायची. जिभेला मात्र धार होती. हाताखाली आलेल्या शिकाऊ मुलींना तिने पुष्कळ रडवलं. बहुतेक पळाल्या, एक टिकली. अंगाने चिमुकली आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीने केलेला पहिला दात उजेडात धरून ती म्हणाली होती, "हा दात आहे का चघळलेला खडू?" आणि टोपलीत टाकला होता. चिमणी मोरीत जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. पुढे तिचाही हात बसला.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आशा सोडल्यावर, तिला दिवस गेले. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या पोटात लोंबकळायचा. बातमी ऐकून तो लहान मुलासारखा रडला. कारखान्यातही तिचं कौतुक झालं. मालक गोड माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. रजेवर जायच्या दिवशी त्याने सगळ्यांना खिडकीच्या खोलीत बोलावलं आणि तिच्या हातात फुलं दिली. "निवांत जा," तो म्हणाला. "घरच्या मुलीसारख्या आहात तुम्ही आम्हाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त चिमणीने.

मुलगी झाली. रजा संपत आली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला की बाळ सांभाळायचं कोणी. तिची आई हयात नव्हती. सासूबाई एका दवाखान्यात फरशा पुसायचं काम करत आणि त्यांची पाळी दुपारपासून. "दुपारपर्यंत ठेवते मी पोरीला," त्या म्हणाल्या. "पुढचं तुझं तू बघ. माझी नोकरी काही मी सोडायची नाही." बाई खरं तेच बोलत होत्या.

लस टोचायला गेली तेव्हा तिथल्या नर्सने तिला सांगितलं, की बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत आईला अर्धवेळ काम मागता येतं. पद तेच, काम तेच, पगार तेवढ्या वेळापुरता. मालकाला सहजासहजी नाही म्हणता येत नाही, म्हटलंच तर सबळ कारण लेखी द्यावं लागतं. बाळाला दूध काढून ठेवायला जागा द्यावी लागते. "कायदाच आहे," नर्स म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. सकाळी कारखाना, दुपारी घर. एवढं साधं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मालकाने तिचं बोलणं मान हलवत ऐकलं. मग दार उघडून भट्टीच्या खोलीकडे तोंड करून तो म्हणाला, "अहो, ऐकलंत का? बाई अर्धा दिवस येणार म्हणतात. आपल्याकडे अर्धे दात करायची सोय आहे का?"

भट्टीवाला खदखदून हसला. मेणकाम करणारी मुलंही हसली. ज्यांच्या चुका ती रोज पोटात घालायची तीही हसली. मालकाने दार लावलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "पूर्ण या, नाहीतर घरी बाळ खेळवा. दोन्हीत आनंदच आहे की."

तिच्यासारख्या बाईने दातांच्या कण्या करणं शक्यच नव्हतं. ती सरळ कामगार कचेरीत गेली. तिथे चष्म्यातून वर बघणारी एक अधिकारी बाई होती. कोरडी, पण कामाची. तिने एका पत्रात काम केलं. आठवड्याच्या आत मालकाचा फोन आला, आवाज तसाच गोड. "या की, सोमवारपासून या. एवढ्यासाठी कचेरीत कशाला जायचं? घरातलं भांडण रस्त्यावर नेलंत."

सोमवारी ती गेली तर खिडकीशी चिमणी बसली होती.

"मला सांगितलं बसायला," चिमणी उठत म्हणाली. "ताई, देवाशप्पथ, मी मागितलं नव्हतं."

"बस खाली," मागून मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या मुकादम, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या, मालकाच्या वडिलांच्या काळापासूनच्या. "हिची जागा आता साच्यांच्या खोलीत. अर्ध्या दिवसात रंगाचं काम पुरं होत नाही."

साच्यांची खोली म्हणजे ओलं प्लास्टर, घासायचं यंत्र आणि दिवसभर पांढरी धूळ. तिथे नवखी पोरं काम करत. तिच्या नखांत, केसांत, भुवयांत प्लास्टर बसलं. बाळाला घ्यायच्या आधी तिला अंग घासून घ्यावं लागे, तोवर बाळ रडून लाल व्हायचं. दूध काढायला जागा दिली होती, नाही असं नाही. प्लास्टरच्या पोत्यांची खोली, दाराला कडी नाही. हिशेबनीसाला नेमकं त्याच वेळी तिथे काहीतरी शोधायचं असे. दार ढकलायचा, "सॉरी सॉरी" म्हणायचा आणि तरी जरा वेळ थांबायचा. भट्टीवाल्याने तिचं नाव 'अर्धा लिटर' ठेवलं. "आलं बघा अर्धा लिटर," ती दारात दिसली की तो म्हणायचा. काही दिवसांनी नुसतं 'अर्धी' झालं आणि तेच राहिलं. पोस्टमनसुद्धा म्हणू लागला.

एकदा मोठ्या बाईंनी तिला दूध काढताना पाहिलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "मला मुलगा झाला तेव्हा मी बाराव्या दिवशी कामावर होते," त्या म्हणाल्या. "दूध आटावं म्हणून छातीला घट्ट फडकं बांधून. दुखून ताप भरला होता. कुणी खोली दिली नव्हती मला." त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं. वसुली होती.

काढलेलं दूध ती चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवायची. एका दुपारी निघताना बघते तर बाटली धुऊन पालथी घातलेली. तिने सगळ्यांना विचारलं. कुणी मान वर केली नाही. जिन्यात चिमणी धावत मागून आली.

"मी ओतलं, ताई." तिला धाप लागली होती. "मोठ्या बाईंनी सांगितलं. वास मारतो म्हणाल्या. मी अजून कायम नाही हो. दर सहा महिन्यांनी सही होते माझी. नाही कसं म्हणू?"

ती जिना उतरून गेली. त्या दिवशी घरी बाळाला पावडरचं दूध पाजलं. बाळाने ते ओकून टाकलं. सासूबाई चपला घालताना म्हणाल्या, "कायद्याचं दूध पचत नाही वाटतं तिला."

ती पुन्हा कचेरीत गेली. अधिकारी बाईने सगळं उतरवून घेतलं आणि दुसरं पत्र धाडलं. काम तेच म्हणजे तेच, खिडकीचं टेबल परत द्या, पोत्यांच्या खोलीला कडी लावा. "लेखी हुकूम मोडला तर मला दंड करता येतो," अधिकारी बाई म्हणाली. "हुकूम पाळून त्रास दिला तर मात्र सिद्ध करायला फार अवघड जातं. जपून राहा."

मालकाने हुकूम तंतोतंत पाळला. कडी लागली. चिमणीचं टेबल भिंतीकडे सरकलं आणि तिचं टेबल खिडकीशी आलं, स्वच्छ पुसलेलं. ब्रश, पावडरींच्या बाटल्या, काचेची पाटी, सगळं जागच्या जागी. ती बसली. कामाची ट्रे यायची वाट बघू लागली.

ट्रे आलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

"काम आलं की देऊ," मोठ्या बाई म्हणायच्या आणि तिच्यासमोरून ट्रे नेऊन चिमणीच्या टेबलावर ठेवायच्या. मोबाईल आत आणायला बंदी झाली. पुस्तक काढलं तर मोठ्या बाईंनी उचलून नेलं. कामाच्या जागी काम. इतरांना सांगून ठेवलं होतं की हिच्याशी बोलायचं नाही, हिची तक्रार करायची सवय आहे, उद्या तुमचंही नाव घालेल. खिडकीखालून बस जायच्या, दुकानातली माणसं कापडाचे गठ्ठे उतरवायची, आणि ती हात मांडीवर ठेवून दुपारपर्यंत बसून राहायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, बसून पगार मिळतोय. मी दिवसभर दोराला लटकतो." तो वाईट नव्हता. त्याला खरंच कळलं नाही.

बसून बसून तिच्या हातांना चाळा लागला. घरी बाळाच्या हिरड्यांवर ती बोट फिरवत बसायची. रात्री झोपेत दात खायची, नवऱ्याला आवाजाने जाग यायची. अंगावरचं दूध आटत गेलं आणि एक दिवस संपलं. पोत्यांच्या खोलीची कडी नवी कोरी चमकत राहिली.

ती सोडून जाईल अशी मालकाची अटकळ होती. ती गेली नाही. हट्टी होती म्हणून म्हणा, किंवा पगाराशिवाय घर चालणार नव्हतं म्हणून म्हणा.

अशात एका सकाळी शेजारच्या खोलीत कवळीचं रसायन सांडलं. त्याचा उग्र वास सगळीकडे पसरला. सवयीची माणसं, कुणी नाकही मुरडलं नाही. पण चिमणी तोंडाला फडकं लावून मोरीकडे पळाली. परत आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिने वळून बघितलं तर 'अर्धी' तिच्याकडेच बघत होती.

दुपारी जिन्यात चिमणीने तिचा हात धरला. हात गार होता. "ताई, तुम्हाला कळलं ना?"

"कितवा?"

"तिसरा लागला. कुणाला सांगू नका. महिनाअखेरीला सही आहे, या वेळी कायम करतो म्हणालेत. एकदा कायम झाले की काढता येणार नाही. तुमच्यामुळेच कळलं मला हे सगळं, कायदा वगैरे. नाहीतर मला कुठे अक्कल होती?" ती हसायला गेली आणि रडायला लागली. "आणि त्या दुधाचं... मला झोप लागत नाही हो त्या दिवसापासून."

"नाही सांगत," ती म्हणाली. "जा, तोंड धू."

आणि तिने खरंच मनापासून म्हटलं होतं.

दोन दिवसांनी मोठ्या बाई ट्रे घेऊन आल्या आणि ती चिमणीच्या टेबलावर न ठेवता खिडकीशी घेऊन उभ्या राहिल्या. ट्रेमध्ये वरच्या सहा दातांचा साचा होता. अपघातात पुढचे दात गेलेली कुणी तरुण मुलगी, सोबत तिचे जुने हसरे फोटो. अवघड काम. असं काम आलं की पूर्वी ती जेवायचं विसरायची.

"हे चिमणीला झेपेल का, सांग," मोठ्या बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी कुणीतरी तिला कामाचं विचारत होतं. तिने फोटो हातात घेतला. मुलीच्या एका दाताला किंचित तिरकेपणा होता, आणि तिच्या बोटांना तो लगेच कळला.

"नाही झेपणार."

"मलाही तसंच वाटतं. हल्ली तिचं लक्ष नसतं." मोठ्या बाईंनी ट्रे टेबलावर टेकवली, पण हात काढला नाही. "बरं नाही का तिला? मोरीत फार असते."

चिमणी भिंतीकडे तोंड करून काम करत होती. तिला ऐकू जात नव्हतं. खिडकीतून उजेड सरळ त्या साच्यावर पडला होता.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "तुम्ही पण मुलाची आई आहात. बघून कळत नाही का तुम्हाला?"

मोठ्या बाईंनी ट्रेवरचा हात काढला.

महिनाअखेरीला चिमणीची सही झाली नाही. कारण काही दिलं नाही. मुदत संपली, नवी देत नाही, एवढंच. मालकाने तिलाही फुलं दिली. चिमणीने आपले ब्रश कापडात गुंडाळले आणि सगळ्यांचा निरोप घेतला. चिमणी खिडकीशी आली तेव्हा ताई सहावा दात घडवत होती, तिला मान वर करता आली नाही. चिमणीला वाटलं, ताई दुःखात आहेत. तिने खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

चिमणी गप्प बसणारी नव्हती. जे शिकली होती तेच तिने केलं, कामगार कचेरी गाठली. पोटुशी आहे हे कळलं म्हणून बाईला काढता येत नाही, मुदतीचा बहाणा करूनही नाही. पण मालकाला ते कळलं होतं, हे दाखवावं लागतं. मालक म्हणाला, मला काय माहीत? मोठ्या बाई म्हणाल्या, मला कोण सांगणार? म्हणून चिमणी एका संध्याकाळी तिच्या घरी आली. बाळासाठी लोकरीची टोपी घेऊन.

"तुम्ही एवढंच सांगा की सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मला उलट्या व्हायच्या, मोठ्या बाई बघायच्या. तुम्ही खिडकीत बसून सगळं बघत होता. तुमच्याशिवाय कोण बोलणार माझ्यासाठी?"

ती बाळाला थोपटत राहिली. बाळ झोपलेलंच होतं. "बघते," ती म्हणाली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मालकाने तिला बोलावलं. धमकी नाही, काही नाही. "तुमच्या हाताला तोड नाही हे मी नेहमीच म्हणतो," तो म्हणाला. "आता काम रोज येतंय ना? मोठ्या बाई सांगत होत्या, त्या दिवशी तुमच्या दोघींचं फार छान बोलणं झालं." आणि तिच्याकडे बघून हसला. तिला कळायचं ते कळलं. खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं लागणार होतं, कुणी सांगितलं तेसुद्धा.

कचेरीत अधिकारी बाईने चष्म्यातून वर बघितलं. समोरच्या बाकावर चिमणी बसली होती, पोट आता दिसत होतं. अधिकारी बाईच्या नजरेत पहिल्यांदाच थोडा ओलावा होता. जिच्यासाठी दोन पत्रं लिहिली ती बाई आता दुसरीसाठी उभी राहतेय, असंच तिला वाटलं असणार.

"ही गरोदर आहे हे कारखान्यात माहीत होतं का?"

"मला कल्पना नाही."

"तुम्ही एकाच खोलीत बसत होता."

"मी अर्धा दिवस असते, बाई."

अधिकारी बाईने तिच्याकडे एकदा बघितलं. मग पेनाचं टोपण लावलं. चिमणीने तोंड उघडलं, आणि अखंड बोलणाऱ्या त्या बाईची दातखीळ बसली. तिला नेमकं त्या क्षणी सगळं समजलं. चेहऱ्यावरून ते एकेक करून सरकताना दिसलं: जिना, वचन, भरलेली ट्रे, न उचललेली मान.

बाहेर मालकाने गाडीचं दार उघडून धरलं. "चला, सोडतो. बाळ वाट बघत असेल." सासूबाईंच्या पाळीला उशीर होत होता, बस केव्हा येईल सांगता येत नव्हतं. ती बसली. गाडी बसस्टॉपवरून गेली तेव्हा तिथे चिमणी उभी होती, एक हात खांबाला धरून. तिने गाडीकडे बघितलं का नाही, कुणास ठाऊक. गाडीच्या काचा चढवलेल्या होत्या.

घरी सासूबाई पदर खोचून दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

तिने सांगितलं. का कोण जाणे, सगळं सांगितलं, ट्रेपासून. आपल्याला कुणीतरी बोल लावावा असं तिला वाटत असावं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बाळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. घर आधी." इतक्या वर्षांत त्यांनी सुनेला बरं म्हटलं ते त्या एकाच दिवशी. चपला घालून त्या घाईने पायऱ्या उतरल्या. ती बाळाला छातीशी धरून मोरीशी गेली आणि तिला कोरड्या उलट्या झाल्या. बाळाला तो खेळ वाटला, ते हसलं. खालच्या हिरडीत दाताचा पांढरा ठिपका आला होता.

चिमणीला मुलगा झाला असं कुणीतरी कारखान्यात बोललं. दातांच्या कामात ती परत आली नाही. एका चष्म्याच्या दुकानात उभी असते म्हणे. ते दुकान कुठल्या रस्त्यावर आहे ते तिने विचारून घेतलं आणि त्या रस्त्याने जायचं सोडून दिलं.

मुलगी दोन वर्षांची झाली त्याच आठवड्यात मालकाने तिला बोलावलं. कायद्याची मुदत संपली, आता उद्यापासून पूर्ण दिवस, नाहीतर आपली फुलं आहेतच. ती हो म्हणाली. मोठ्या बाईंनी त्या दिवसापासून तिच्या टेबलावर दोघींचं काम ठेवायला सुरुवात केली. भट्टीवाला तिला अजून 'अर्धी'च म्हणतो.

मुलीला पाळणाघरात घातलं. ती आठवडाभर दाराची जाळी धरून रडली. मग तिने रडायचं सोडलं.